माजी सैनिक भरतीचा मापदंड: राष्ट्रीय टक्का की स्वतःचा हिशेब?
अमेरिकेत केंद्र सरकारची मोठी कंत्राटे घेणाऱ्या, ५० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीला हा मापदंड, म्हणजे नव्या भरतीत माजी सैनिक किती टक्के असावेत हा आकडा, दरवर्षी ठरवावा लागतो.

सरकारने जाहीर केलेला राष्ट्रीय टक्का (देशभरच्या कामगारांतले माजी सैनिकांचे प्रमाण) उचलला, तर ऑडिटमध्ये आकड्यावर वाद उरत नाही. बहुतेकांनी हेच करावे. स्वतः काढायचा तर पाच गोष्टी तपासा: राज्यातील कामगारांत माजी सैनिकांचे तीन वर्षांचे सरासरी प्रमाण, राज्याच्या रोजगार सेवेकडे मागच्या चार तिमाहींत आलेले माजी सैनिक, गेल्या वर्षीचे अर्ज व भरती, माजी सैनिकांपर्यंत पोहोचण्याच्या संपर्क-मोहिमांचा परिणाम, जागांचे स्वरूप वा ठिकाण. या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. स्थानिक चित्र फार वेगळे असेल तरच हा खटाटोप करा.

चूक दोन्हीकडे एकच होते: टक्का एकूण कर्मचाऱ्यांशी ताडतात. ताडायचा असतो तो वर्षातल्या नव्या भरतीशी.