चप्पल लाईनमधलं छोटं दुकान : कापशी चप्पल, आणि तिथं भेटलेले काका

भावाच्या लग्नाला म्हणून मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधनं कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार, घेतली. दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाईकं आत बसली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं, पण माल एक नंबर. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, शिवण पण चामड्याच्या वादीची, आत शिरलं की तो वासच येतो. 2019 ला कोल्हापुरीला जीआय (त्या भागातला अस्सल माल म्हणून सरकारी नोंद) मिळाल्यापासनं जो तो ओरिजिनल कोल्हापुरी म्हणून काहीही विकतोय, इथले मामा मात्र तळ वाकवून, शिवण दाखवून मगच हातात देतात. 1400 सांगितले, 1300 ला दिली.

आता खरं सांगते, चप्पल चावली. लई चावली. लग्नात दुपारपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी फोड आला, अक्षता पडेपर्यंत कशीबशी उभी होते, आणि दोन दिवसांनी तावातावानंच दुकानात गेले. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, चपलेच्या अंगठ्याला तेल चोळलं, लाकडी फर्म्यावर चढवून हलक्या हातानं ठोकून सैल केलं, म्हणाले ताई आठ दिवस रोज तेल लावा आणि थोडा थोडा वेळ घरातच घाला. पैसे घेतले नाहीत.

तिथं एक काका बसले होते, साठीच्या पुढचे. उजव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट नव्हतं. माझं सगळं ऐकून म्हणाले, "पोरी, चावतंय ते तुला कळतंय न्हवं? मला कळलंच न्हाई बघ."

काकांना बरीच वर्षं शुगर. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर नवी कापशी घालून चालत गेले, रात्री घरी चप्पल काढली तर तळ रक्तानं माखलेला आणि पाय दुखत काहीच नव्हता, आणि दुखत नाही म्हणून पंधरा दिवस कुणाला दाखवलं पण नाही, तोवर बोटं काळी पडली. नंतर डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नायलॉनच्या बारीक दोऱ्यासारखं काहीतरी तळव्याला टेकवलं, लागलं की सांगा म्हणाले. "मी आपला वाट बघत बसलो कधी टेकवत्यात म्हणून, आणि त्यांचं तपासून झालंवतं."

आता काकी रोज रात्री टॉर्च लावून त्यांचे तळवे बघतात. चप्पल घालायच्या आधी आत हात फिरवून खडा बिडा नाही ना बघायचं, पाय धुवायचं पाणी आधी काकी हात घालून बघणार, आणि उन्हाळ्यात अंबाबाईच्या देवळात दुपारी अनवाणी प्रदक्षिणा बंद, फरशी भाजली तरी यांना कळायचं नाही.

काका खरं तर कोल्हापुरीच मागत होते, घरातल्या घरात घालतो म्हणत होते. मामांनी साफ नाही म्हटलं. बोटांत अडकणारं काही नको म्हणून मऊ एमसीआर रबराच्या तळाची (शुगरवाल्यांच्या पायाला चालते ती), मागनं पट्टा असलेली चप्पल काढून दिली, पट्टा कुठं घासत नाही ना हे स्वतः खाली बसून बोट घालून बघितलं. एवढ्या जुन्या गिऱ्हाईकाला हवी ती महागाची जोडी नाकारणारा दुकानदार मी तरी बघितला नव्हता. जाताना काकांनी एक कापशी उचलली, वेणीवरनं अंगठा फिरवला, वास घेतला आणि परत खुंटीला लावली.

घरी येऊन स्वयंपाकघरात अनवाणी उभी राहिले. फरशी गार होती, माठाखाली थोडं पाणी सांडलेलं, ते पण पायाला लागलं. फोडाला तेल लागून झोंबत होतं. किती तरी वेळ तशीच उभी होते, देवाचे आभार मानत.

दुकानाला पाच स्टार. पार्किंगचं तेवढं अवघड आहे, गाडी लांब लावून चालत जा. चप्पल आता मस्त सैल झालीय, पावसात मात्र घालू नका.

बाबांना पण नऊ वर्षं शुगर आहे. त्या रात्री जेवण झाल्यावर मोबाईलचा टॉर्च लावून त्यांचे तळवे बघितले, डाव्या टाचेला खोल भेग आहे, बाबांना पत्ताच नव्हता. सोमवारी डॉक्टरांकडं नेतेय, आणि येताना त्यांच्या मापाची एमसीआर घ्यायला मामांकडं.