पेरूगेटाजवळची अभ्यासिका: दीड वर्ष सीट नंबर ३७ वर बसून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, मी एमपीएससी करत नाही. खुल्या गटाला ३८ ची मर्यादा आहे आणि मी ४२ चा, त्यामुळे करायची म्हटली तरी आयोग मला फॉर्म भरू देणार नाही. तरीपण गेलं दीड वर्ष मी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत रोज सकाळी नऊला जाऊन बसतोय आणि पैसे भरून बसतोय, म्हणून म्हटलं रिव्ह्यू लिहायचा हक्क आहे आपल्याला. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि मला अजून तिथंच बसायचंय. पेरूगेटाजवळ, खाली झेरॉक्स, वर अभ्यासिका, जिन्यात चपलांचा ढीग, एवढ्या खुणांवर शोधायला गेलात तर वीसेक सापडतील, त्यातली कुठलीही धरा.

मी तिथं कसा पोचलो ते थोडक्यात. सोळा वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. मग प्रोजेक्ट संपला, अडीच महिने बेंचवर (म्हणजे नोकरी आहे, काम नाही) बसलो, मग एचआरच्या मॅडमनी अतिशय गोड बोलून राजीनामा लिहून घेतला. नातेवाइकांना मी "नोकरी सोडली" असं सांगतो, तुम्हाला खरं सांगतोय. थोडे पैसे हातात होते, बायकोची नोकरी चालू आहे, त्यामुळे खायचे वांधे नव्हते. वांधा वेगळाच निघाला. सकाळी साडेनऊला कोथिंबीर आणायला खाली उतरलो की सोसायटीचा वॉचमन विचारायचा, "साहेब, आज सुट्टी?" पहिल्या आठवड्यात हो म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात वर्क फ्रॉम होम म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात मी कोथिंबीर ॲपवरून मागवायला लागलो.

घरात बसून काही होईना. आई म्हणायची, "घरीच आहेस ना, मग गॅसवाला येईपर्यंत थांब", आणि गॅसवाला काय एकदाच येतो, पण त्याच्या मागे इस्त्रीवाला, कुरियर, वरच्यांचं गळणारं पाइप बघायला आलेला प्लंबर, दुपार कधी झाली कळायचं नाही. बाणेरला एका को-वर्किंगमध्ये दोन दिवस ट्रायल घेतली. महिना साडेसात हजार, कॉफी फुकट, आणि चारी बाजूंना लोक कानात यंत्र घालून मोठ्यानं मीटिंगा करतायत. मी जे सोडून आलो होतो (बरं, जिथून काढलं होतं) तेच पैसे देऊन परत ऐकायचं असं झालं. मग बायकोच म्हणाली की अरे पेठेत पोरं अभ्यासिकेत बसतात तिथं बघ की.

तर आता मुद्द्याचं. नॉन-एसी ११०० रुपये महिना, एसी १६००, डिपॉझिट ५००, लॉकरचे १५० वेगळे. मी नॉन-एसी घेतलं, मे महिना सोडला तर पश्चात्ताप नाही. सकाळी सहा ते रात्री अकरा उघडं. सीट म्हणजे प्लायवूडचा कप्पा, तीन बाजूंनी बंद, समोर एक ट्यूब, एक चार्जिंग पॉइंट (ढिला आहे, प्लगखाली पुठ्ठ्याची घडी करून लावावी लागते, ती पहिल्याच दिवशी शेजारच्यानं न मागता करून दिली). खुर्ची प्लास्टिकची. दहा तास बसणाऱ्या पोरांच्या कमरेचं काय होत असेल कोण जाणे, मी तिसऱ्या दिवशी घरून उशी आणली. भिंतीवर मालक काकांच्या हातची पाटी आहे: "खुर्ची ओढू नये. उचलावी." बास, एवढंच, खाली हुकमावरून वगैरे काही नाही, आणि खरंच सगळे उचलतात. साठ माणसं एका हॉलमध्ये आणि आवाज फक्त पंख्यांचा आणि हायलायटरची टोपणं लावल्याचा. ही शांतता मी उभ्या ऑफिस आयुष्यात ऐकलेली नाही.

सीट ३७ मला मिळाली कारण ती कुणाला नको होती, वर पंखा नाही, बाजूला खिडकी आहे पण खिडकीखाली वडापावची गाडी. टेबलावर आधीच्या कुणीतरी कर्कटकाने कोरलंय, "२०२१ पूर्व, ३ मार्क". त्याखाली "२०२२ पूर्व, १ मार्क". म्हणजे पूर्वपरीक्षा तेवढ्यानं हुकली. त्याखाली काहीच नाही. पास झाला, गावाकडे गेला की कुठं क्लासमध्ये शिकवतो, टेबल सांगत नाही. पहिले काही दिवस मी लॅपटॉप त्याच्यावरच ठेवायचो, मग थोडा डावीकडे सरकवायला लागलो.

पोरं बहुतेक नांदेड, लातूर, बीड, जतकडची. पहिल्या आठवड्यात मला सगळे "काका" म्हणत होते आणि त्यातल्या एकानं हळूच विचारलं, "काका, तुम्ही कंबाइनला का राज्यसेवेला?" (दोन्ही एमपीएससीच्याच परीक्षा.) मी म्हटलं मी मुद्रितशोधन (छापायच्या मजकुरातल्या चुका काढणं) शिकतोय. म्हणजे काय हे सांगितल्यावर माझा "सर" झाला, कारण मराठी व्याकरण त्यांनाही असतं. तेव्हापासून चहाच्या वेळी जिन्यात माझा क्लास भरतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ ला वाढवलेले चार, हे मी धंदा म्हणून पाठ करत होतो आणि ते मार्कांसाठी. "सर, शेवटची वेलांटी दीर्घ म्हणता, मग आणि ऱ्हस्व कसं?" अरे बाबा, आणि, नि हे अपवाद म्हणून नियमातच दिलेत. असं उलटसुलट विचारून त्यांनी मला जेवढं पक्कं केलं तेवढं कुठल्या कोर्सनं केलं नसतं, आणि फी म्हणून मी चहा पाजतो, दहा रुपये कटिंग, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये.

आता मुद्रितशोधनच का? टेस्टिंगमध्ये सोळा वर्षं दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचे पैसे मिळत होते, म्हटलं तेच करू, फक्त मराठीत. घरात आजोबांमुळे वाचन होतं, अकरावीपर्यंत पुणे नगर वाचन मंदिराचं कार्ड होतं (१८४८ सालची संस्था, लक्ष्मी रोडवरची, लहानपणी मला वाटायचं सगळी पुस्तकं तेव्हाचीच असणार). पण बायोडेटात हे कुठं लिहिणार? बायोडेटात सोळा वर्षं टेस्टिंग आणि मग एकदम खड्डा. म्हणून वेबसाइट काढली. अभ्यासिकेतला माझा निम्मा वेळ तिच्यातच गेलाय, त्यामुळे हा रिव्ह्यू तिच्याशिवाय पुरा होत नाही.

साधी आहे. आठवड्याला एक नोंद, रोजच्या आयुष्यातली, दुकानाच्या पाट्या, बसचे बोर्ड, आईनं वापरलेला एखादा शब्द, आणि दुरुस्त करायला घेतलेलं एखादं वाक्य. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, एका कंपनीकडून पहिल्या वर्षी चहाबिस्किटाच्या भावात घेतलं आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअलचं बिल बघून दोन मिनिटं लॉकरकडे बघत बसलो. ते असतंच तसं, रिन्यूअलचा भाव आधी बघायचा असतो, टेस्टर असून बघितला नाही.

वायफाय. इथं अभ्यासिकेचे मार्क सगळ्यात जास्त कापतो. "हायस्पीड वायफाय" असं खाली बोर्डावर लिहिलंय, लेक्चर बघायला ठीक चालतं, पण पोर्ट २२ बंद आहे. ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी, सर्व्हरवर लांबून लॉगिन करायला तो लागतो. काकांना सांगितलं तर म्हणाले, "बावीस नंबरची सीट रिकामी नाही हो." त्यात माझी साइट चालते फुकटच्या सर्टिफिकेटवर (साइट सुरक्षित आहे असं ब्राउझरला सांगणारं), लेट्स एन्क्रिप्टच्या, ते ९० दिवसांनी संपतं, आपोआप नवं व्हायला हवं, मी लावलेली स्क्रिप्ट कधीतरी मुकाट्यानं बंद पडली होती. आणि नेमकं एका प्रकाशकांना लिंक पाठवली त्या दिवशी. त्यांचा फोन, "अहो, तुमच्या साइटवर धोका आहे म्हणून लाल येतंय." मी लॅपटॉप उचलून जिन्यात, मोबाइलचं हॉटस्पॉट लावून, चपलांच्या ढिगात बसून सर्टिफिकेट नवं केलं, आणि मावशी (झाडलोट त्या करतात आणि खरं तर अभ्यासिका त्याच चालवतात) वरून ओरडल्या, "पेपर फुटला का काय?"

दुसरी फजिती याहून वाईट. शेजारच्या लातूरच्या पोरानं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर साइट उघडली आणि म्हणाला, "सर, तुमचं पान आडवं सरकतंय." सरकत होतं. मी चार महिने फक्त लॅपटॉपवर बघत होतो. सोळा वर्षं मी लोकांना ईमेल लिहिल्या की मोबाइलवर तपासलं का, तपासलं का. त्या दुपारी व्याकरण बाजूला राहिलं.

पण त्या कप्प्यात बसूनच मला एक गोष्ट सापडली ज्यानं काम मिळालं. साइटवर सर्च होता, त्यात "दुसऱ्या" टाकलं तर निम्म्याच नोंदी यायच्या. दोन दिवस डोकं फोडलं. कारण असं की "दुसऱ्या"तला हा चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका पद्धतीत खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात, दुसरीत साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला अगदी सारखं, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. मी काही नोंदी फोनवर लिहिल्या होत्या, काही लॅपटॉपवर, म्हणून घोळ. ते सगळं साध्या मराठीत लिहून टाकलं, वर जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये (आताच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) आणताना काय काय फुटतं तेही लिहिलं. ते पान डीटीपीवाल्यांच्या (पुस्तकांची पानं जुळवणाऱ्यांच्या) कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं आणि अप्पा बळवंत चौकातनं, पुण्याच्या पुस्तकबाजारातनं, फोन आला. मुद्रितशोधनाला २४० पानं, २५ रुपये पान. हिशोब करा. पैसे यायला अडीच महिने लागले आणि त्या अडीच महिन्यांत मला एक तारखेच्या पगाराची किंमत नीट समजली. आता महिन्याला दोन, कधी तीन कामं असतात. जुन्या पगाराचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. हे स्पष्ट लिहितोय कारण मला मेसेज करून "मीपण सोडू का" विचारणारे असतात, त्यांनी आधी हा आकडा बघावा, आणि बायकोला, नवऱ्याला दाखवावा.

बाकी तक्रारी भराभर. पार्किंग नाही, गाडी जिथं लावाल तिथून टेम्पो उचलून नेतो, माझी दोनदा नेलीये, आता मी धायरीहून बसनं येतो आणि गर्दी असली तरी बरं पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी सहानंतर नदीपात्रातून ढोल-ताशाची प्रॅक्टिस ऐकू येते, खिडकी बंद केली तरी छातीत वाजतं, गणपतीत तर यायचंच नाही, मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते आणि काकाच वर ढोल वाजवत असतात. फोनवर बोलायला जागा जिन्यातच, त्यामुळे क्लायंटचे कॉल असणाऱ्यांनी हा नाद सोडा. लॉकरची किल्ली एकच, हरवली तर १०० रुपये. बायकांसाठी वेगळी रांग आहे पण टॉयलेट दोन्हीकडे मिळून दोनच, साठ माणसांना, हे अति आहे आणि काकांना हे मी तोंडावर सांगितलंय.

गेल्या महिन्यात लातूरच्या पोरानं सीट सोडली. त्याचं मेन्सला झालं नाही, भावाच्या दुकानात बसणार म्हणाला, वर "वेबसाइट कशी काढायची ते शिकवा, दुकानाची काढतो". रात्री अकराला बंद होईपर्यंत आम्ही जिन्यात बसून डोमेनचं नाव शोधत होतो, त्याला हवं ते प्रत्येक नाव कुणीतरी आधीच घेतलेलं. शेवटी गावाचं नाव लावून मिळालं. मी म्हटलं रिन्यूअलचा भाव आधी बघ.

पाचपैकी साडेतीन. ज्याला घरातून बाहेर पडून कुठंतरी नऊला पोचायचंय त्यानं डोळे झाकून घ्यावी, ज्याला वायफायवर कामं आहेत त्यानं आधी पोर्ट तपासावं. वॉचमनला मी आता "अभ्यासिकेत चाललोय" असं सांगतो, तो समजतो मी कलेक्टर होणार आहे, मी दुरुस्त केलेलं नाही. ३८ नंबरची सीट सध्या रिकामी आहे, तिच्यावर पंखा आहे. पैसे भरल्यावर पावती मागून घ्या, काका विसरतात. आणि गुरुवारी पेठेत अधूनमधून पाणी बंद असतं, तेव्हा बाटली घरून भरून न्या आणि बाकीचं पण घरूनच आटपून या.