सेडफोम: तळाजवळच्या दोन सेंटिमीटरसाठी एवढा पसारा?

लाटांखाली वाळू किती सरकते याचा हिशेब मी बरीच वर्षं सूत्रावरच केला. तळावरचा ताण काढायचा, त्यावरून शील्ड्झ अंक (तो ताण कणाच्या पाण्यातल्या वजनापुढे किती मोठा, हे सांगणारा आकडा), मग तो मायर-पेटर आणि म्युलर यांच्या १९४८च्या सूत्रात घालायचा. हे सूत्र एकाच दिशेने वाहणाऱ्या पाण्यासाठी बांधलेलं आहे, आणि लाटेखालचं पाणी दर काही सेकंदांनी माघारी फिरतं, हे ठाऊक असूनही. पण बारीक वाळूच्या बाबतीत सूत्र म्हणतं ‘किनाऱ्याकडे’ आणि प्रयोगातली वाळू जाते समुद्राकडे. तिथे गप्प बसवेना, म्हणून सेडफोम उतरवून घेतलं.

हे ओपनफोम या प्रवाहांच्या गणितासाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरवर चालणारं, फुकट आणि खुल्या कोडचं सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम आहे. ग्रेनोबल आणि डेलावेअर इथल्या संशोधकांनी मिळून वाढवलेलं. यात पाणी आणि वाळू हे दोन वेगळे प्रवाह मानलेत. दोघांना आपापला वेग, आपापलं संवेगाचं समीकरण, आणि मध्ये ओढाताण. तळ कुठे आहे हे आपण सांगायचंच नाही. वाळूने साधारण ६० टक्के जागा व्यापली आणि कण हलेनासे झाले, की तो तळ. लाट जोरात आली की तोच तळ वरून सोलला जातो आणि नंतर पुन्हा बसतो. सूत्रांच्या जगात तळ म्हणजे एक रेघ असते. इथे ती रेघ विरघळताना दिसते. मला हे सॉफ्टवेअर आवडलं ते यासाठीच.

आता माझा रन. उभा एक स्तंभ, १५ सेंटिमीटर उंच, खालचे ५ सेंटिमीटर वाळू, एकमितीय जाळीत ३०० घरं. लाटेचा आवर्तकाळ ५ सेकंद, तळाजवळचा कमाल वेग १.५ मीटर प्रति सेकंद, कण ०.२८ मिलिमीटर. शील्ड्झ अंक दोनच्या आसपास येतो, म्हणजे तळावरच्या वाळूच्या वळ्या पुसल्या जाऊन वाळूचा थरच्या थर सरकणार. आणि पहिल्या रात्री काय झालं? काही नाही. वाळू ढिम्म. पाणी हलवायला दाबाचा उतार द्यायचा होता सुमारे १८८५ पास्कल प्रति मीटर, मी दिला १.८८५. त्वरणाला पाण्याच्या घनतेने गुणायचं राहिलं होतं. सॉल्व्हरने बिचाऱ्याने इमानदारीत हजारपट मरतुकडी लाट चालवली.

आकडा सुधारल्यावर साध्या सममित लाटेने एका आवर्तनातलं निव्वळ वहन जवळजवळ शून्य आलं. यायलाच हवं. ही चाचणी न करता पुढे जाणाऱ्यांच्या आलेखांवर मी विश्वास ठेवत नाही. मग खऱ्या लाटेसारखा शिखराखाली जोरदार पण थोडा वेळ आणि दरीखाली मंद पण जास्त वेळ वाहणारा प्रवाह दिला. ०.२८ची वाळू किनाऱ्याकडे गेली. कण ०.१५ मिलिमीटर केला आणि दिशा फिरली!

का फिरली, हे वेळेनुसार आलेख उलगडला तेव्हा कळलं. बारीक कण स्वच्छ पाण्यात सेकंदाला जेमतेम दीड सेंटिमीटर खाली येतो. दाटीत तर आणखी सावकाश: वाळू ३० टक्के असेल तर वेग साधारण चौथाईवर येतो. शिखराने उचललेली वाळू तळाशी टेकायच्या आतच पाणी उलटं फिरतं आणि ती समुद्राकडे ओढली जाते. जड कण तोवर खाली पोचलेला असतो. सूत्राला हा उशीर दिसूच शकत नाही, कारण त्याला फक्त त्या क्षणाचा ताण माहीत.

दिशा बरोबर आली तरी बारीक वाळूचं प्रमाण मात्र प्रयोगाशी जमायला वेळ लागला. तिथे गढूळपणा वर पसरवणाऱ्या खळबळीचे गुणांक हाताने फिरवावे लागतात. आणि गुणांक फिरवले की मन खातं: हे भौतिकशास्त्र की शिवणकाम?

बाकी, नमनालाच घडाभर तेल. ओपनफोमची नेमकी हवी ती आवृत्ती, कंपाइल करणं, मग प्रत्येक गोष्टीची वेगळी मजकूर-फाइल. बटणांची खिडकी वगैरे विसरा. एकमितीय रन लॅपटॉपवर निभावतो. खळबळीचे मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणारा त्रिमितीय रन मात्र क्लस्टरशिवाय, म्हणजे जोडलेल्या अनेक संगणकांशिवाय, घेऊ नका. काळाचा टप्पा आपोआप इतका बारीक होतो की घड्याळाकडे बघवत नाही. आलेखांसाठी फ्लुइडफोम नावाचं पायथन पॅकेज आहे, ते नेटकं आहे.

अख्खा किनारा वर्षभरात किती झिजेल, हे विचारायला येणाऱ्यांनी इकडे फिरकू नये. त्यांना लाटांची सरासरी घेणारी प्रारूपंच बरी, त्यांच्या सूत्रांतल्या त्रुटींसकट. त्या त्रुटी कुठून येतात हे ज्यांना पाहायचंय त्यांनी घ्यावं, आणि लाटेला हात लावण्याआधी स्थिर द्रवात कण खाली बसण्याचं सोबतचं उदाहरण चालवावं. मी ते सोडून थेट लाटेवर गेले, म्हणून तर ती पहिली रात्र.