हायाले-पारहायाले की अ‍ॅम्पिथो-सायमाड्यूसा? प्रकल्पासाठी कोणती जोडी घ्यावी

जळगाव-धुळ्याकडच्या कुणी एम.एस्सी. झूलॉजीच्या प्रकल्पाला समुद्री अ‍ॅम्फिपॉड (झिंग्याचे चिमुकले कवचधारी नातलग) घेतो म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: समुद्र आहे कुठं? तापी आपल्याकडून जाऊन सुरतजवळ समुद्राला मिळते खरी, पण तिच्या मुखाशी गाळच गाळ. आपल्याला हवेत शेवाळ धरलेले खडक, म्हणजे मुंबई नाहीतर रत्नागिरी गाठायची. एका ओहोटीत बाटल्या भरतात. खरं काम परत आल्यावर, कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली. म्हणून एकमेकांसारख्या दोन वंशांची जोडी निवडताना मी दोनच गोष्टी बघेन: फरक आपल्या लेन्सला दिसतो का, आणि रेल्वेच्या धक्क्यांत तो अवयव शाबूत राहतो का.

हायाले आणि पारहायाले दोन्ही शेवाळात सापडतात, दोन्ही कडेनं चपटे, साधारण तांदळाच्या दाण्याएवढे. नुसत्या नजरेनं नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शेपटीकडचा तिसरा युरोपॉड (शरीराच्या मागच्या टोकाचा छोटा पाय) सुईनं अलगद सोडवायचा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप टाकायची. हायालेत त्याला एकच फांदी. पारहायालेत त्या फांदीच्या बुडाशी, आतल्या अंगाला, आणखी एक इवलासा कोंब. प्रकाश कमी करा आणि फोकस हळूहळू वर-खाली करा, तरच तो दिसतो; घाई केली की पारहायालेचा हायाले झालाच म्हणून समजा. हा अवयव आखूड आणि अंगालगत, त्यामुळे सहसा तुटत नाही.

डोकेदुखी पुढं आहे. 2002 मध्ये बाउसफील्ड आणि हेन्ड्रिक्स यांनी हायालेच्या कुळाची फेरमांडणी केली आणि जुन्या हायालेतल्या बऱ्याच प्रजाती अपोहायाले, प्टिलोहायाले अशा नव्या वंशांत गेल्या. जुन्या याद्यांतलं ‘हायाले’ जसंच्या तसं उतरवू नका. प्रजातीपर्यंत जायचं तर मोठ्या नराचा दुसरा ग्नॅथोपॉड (पुढचा पकडायचा पाय) लागतो. माद्या आणि पिल्लं वंशाच्या नावावरच थांबवलेली बरी.

अ‍ॅम्पिथो आणि सायमाड्यूसा दिसायला जास्त देखणे, आणि पायांतल्या ग्रंथींच्या रेशमानं शेवाळात घरटी विणतात, हे मला फार आवडतं. कूळही चटकन कळतं: तिसऱ्या युरोपॉडच्या बाहेरच्या फांदीवर वळलेले आकडे. पण दोघांतला फरक पहिल्या स्पर्शिकेवर. सायमाड्यूसात मुख्य चाबकाशेजारी (स्पर्शिकेच्या टोकाकडच्या बारीक दोऱ्याशेजारी) दुसरा छोटा चाबूक असतो, अ‍ॅम्पिथोत नसतो. आणि वाटेत सगळ्यात आधी मोडते ती स्पर्शिकाच!

गॅमारस या तिसऱ्याच अ‍ॅम्फिपॉड वंशाचा मोह नको. त्याच्या ओळख-किल्ल्या (प्रजाती ओळखायचे टप्प्याटप्प्याचे तक्ते) नेटवर भरपूर, पण त्या युरोपातल्या थंड पाण्याच्या. सॅलिनस आणि ओशियानिकस या त्याच्या प्रजाती तिथंही 1947 मध्ये कुठं वेगळ्या मांडल्या गेल्या.

माझं मत पहिल्या जोडीला. शिवाय पारहायाले हवाइएन्सिस टाकीत वाढतो, जगभरच्या प्रयोगशाळा तो पाळतात, 2016 मध्ये त्याचा जीनोमही प्रसिद्ध झाला. 26 अंशाला अंड्यातून पिल्लू यायला साधारण दहा दिवस. आपल्या मे महिन्यात तेवढं तापमान राखायचं तर एसीची खोली मागून ठेवा. डीएनए करायचा विचार असेल तर काही नमुने थेट 95 टक्के अल्कोहोलमध्ये टाका, फॉर्मालिनला हात लावू नका.