नेटलोगो वर्षभर वर्गात वापरलं, त्याबद्दल

मी जळगाव जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो, साथीच्या रोगांचा धडा पोरं नुसता पाठ करतात म्हणून यंदा नेटलोगो घेतलं, म्हणजे नियम देऊन स्क्रीनवर माणसं-प्राणी फिरवायचं आणि काय होतं ते बघायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, उरी विलेन्स्की यांनी १९९९ साली काढलेलं, आमच्या लॅबच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. मराठीत नाही, एवढं पोरांना जड जातं.

त्यातलं व्हायरस नावाचं मॉडेल उघडायचं. सेटअप दाबलं की दीडशे माणसं येतात, दहा लाल म्हणजे आजारी, बाकी हिरवी, गो दाबलं की सगळी फिरायला लागतात, ज्याला लागण होते तो लाल, बरा झाला की राखाडी. मी माणसं वाढवली तशी गर्दी झाली आणि बघता बघता सगळीकडे लालच लाल, मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, "सर, हाई ते आपला गावना बजार शे!" फळ्यावर इतकी वर्षं हे कधी जमलं नव्हतं मला.

पण आमच्याकडे पावसाळ्यात ताप येतो तो डेंग्यूचा, आणि तो माणसाकडून माणसाला थेट लागत नाही, मधे एडिस डास लागतो. ही अडचण जुनीच आहे बरं का. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली साथीचं गणित मांडलं तेव्हा मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगमधल्या मृत्यूंवर ते जुळवून दाखवलं, आलेख मस्त जुळला, पण उंदीर-पिसवा त्यात वेगळ्या धरल्याच नव्हत्या.

नेटलोगोत कोड बदलता येतो ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. मी दोन रविवार घालवून डास टाकले. पण टाकायचे कुठे? नळ रोज येत नाही, घरोघरी ड्रम भरलेले, म्हणून मी सगळे ड्रमपाशी टाकले. आमच्या आशाताई घरोघर टॉर्च मारून अळ्या बघतात, त्यांना स्क्रीन दाखवली तर म्हणाल्या, "अहो सर, ड्रम लोक झाकून ठेवतात आता, कूलर बघा. जूनमध्ये बंद करतात अन् पाणी तसंच राहतं." उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या घरात पारा जाणारा आपला खानदेश, कूलर नाही असं घर शोधावं लागतं, आणि मला हे सुचलं नव्हतं!

अशोका युनिव्हर्सिटी आणि थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीने मिळून भारतसिम नावाचं अशाच प्रकारचं सॉफ्टवेअर बनवलंय, घरं, शाळा, ऑफिसं असलेली अख्खी कृत्रिम वस्ती त्यात उभी करता येते, ते वाचल्यापासून वाटतंय की अशा कामात गणितवाले आणि कॉम्प्युटरवाले असतात तशा आशाताईही पहिल्या दिवसापासून बसल्या पाहिजेत, नंतर आकडे मागायला जाऊन उपयोग नाही. आपल्या जळगावच्या विद्यापीठाने हे मनावर घ्यावं असं फार वाटतं.

शिक्षकांनी जरूर घ्या, माझ्याकडून पाचपैकी चार. या मे महिन्यात आशाताई लॅबमध्ये येणार आहेत, कुठल्या गल्लीत किती कूलर ते वहीत लिहून.