शुगर कंट्रोल: आपण करायचं ते आणि डॉक्टरांनी करायचं ते

रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न हाच येतो, गोळी लगेच चालू करायची की आधी तीन महिने स्वतःच प्रयत्न करून बघायचा? मला टाइप २ डायबिटीस होऊन ११ वर्षं झाली, दोन्ही करून झालंय, मधे एकदा शहाणपणा करून गोळ्या परस्पर बंद पण केल्या होत्या, म्हणून लिहितोय.

टाइप १ असेल, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नसेल, तर हा प्रश्नच नाही, इन्सुलिन लागतंच. १९२२ साली टोरोंटोत पहिल्यांदा एका मुलाला इन्सुलिन टोचलं, त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे आणि तरी ती फार दिवस काढायची नाहीत. नुसत्या पथ्यावर काय होतं ते बघून झालंय. त्यामुळे खालचं सगळं टाइप २ वाल्यांसाठी.

आधी मोजणं. घरचं मीटर त्या क्षणाची शुगर सांगतं, लॅबची एचबीएवनसी साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी, कारण लाल पेशी १२० दिवसांच्या आसपास जगतात आणि तेवढे दिवस साखर त्यांना चिकटत राहते. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४ च्या जवळपास. मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं धरलेलं असतं, त्यामुळे काल १४८ आणि आज १६० आली म्हणून उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका. एकदा मी फळ सोललं आणि तसंच बोट टोचलं, २१२! घाबरलोच. साबणाने हात धुऊन पुसून परत घेतली तर १३८, सालीचा रस बोटाला होता बस. आणि टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध टोचलं तर दिवसभर ठणकतं. मीटरचा खरा उपयोग जोडीत आहे, जेवायच्या आधी एक आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एक, मग कुठलं जेवण आपल्याला नडतं ते आपोआप कळतं. हे कुठलाच डॉक्टर तुमच्यासाठी करू शकत नाही. पण रक्त कमी असेल तर एचबीएवनसी फसवू शकते, ते ओळखणं त्यांचं काम.

आता कशाने किती फरक पडतो. २००२ चा अमेरिकेतला मोठा अभ्यास सगळे तोंडावर फेकतात, खाणं-चालणं सुधारून डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. आकडे बरोबरच आहेत, पण ती माणसं प्रीडायबिटीसवाली होती, म्हणजे शुगर वाढलेली पण डायबिटीसपर्यंत न पोचलेली, आपल्यासारखी डायबिटीस झालेली नव्हे. झालेल्यांवरचा ब्रिटनमधला अभ्यास २०१७ चा, त्यात वर्षभराने जवळपास निम्म्यांची शुगर औषधाशिवाय डायबिटीसच्या खाली आली, ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यात तर बहुतेकांची. भारी वाटतं ना? पण त्यांच्या गोळ्या पहिल्या दिवशी बंद केल्या त्या दवाखान्यानेच, आणि पुढेही लक्ष ठेवून होते. म्हणजे घरची काळजी सुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

माझं उलट झालं. वजन उतरलं, फास्टिंग ११८ दिसली, कोणाला न विचारता गोळ्या बंद. हळूहळू १३०-१४० दिसायला लागली तरी मी म्हणतोय चालतंय की, आणि जेवणानंतरची मोजतच नव्हतो. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ८.४. डॉक्टर ओरडले नाहीत, फक्त वही मागितली, आणि वहीत सगळ्या सकाळच्याच नोंदी.

बरं मेटफॉर्मिन एवढी वाईट नाही, सुरुवातीला पोट बिघडतं, जेवणाबरोबर घेतली आणि डोस हळूहळू वाढवला तर बऱ्याच जणांना सोसते. खूप वर्षं घेणाऱ्यांनी बी१२ तपासून घ्यावं. जेवणानंतर १०-१५ मिनिटं चालणं मात्र कुठल्याच गोळीत मिळत नाही, चालताना स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढतात.

आता जे लोक विसरतात ते. तुमची काळजी जेवढी जमेल तेवढे डॉक्टर जास्त लागतात, कमी नाही. ग्लिमेपिराइडसारखी स्वादुपिंडाला ढकलणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तुम्ही जेवण कमी केलं, चालणं वाढवलं, तर जुना डोस जड होतो आणि शुगर ७० च्या खाली जाते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं. तेव्हा डॉक्टरांना फोन लावत बसायचं नाही, तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजायची, अजून खाली असेल तर परत तेच. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ अॅम्ब्युलन्स. पण सावरल्यावर त्याच दिवशी कळवायचं, डोस कमी करायचा का ते तेच ठरवणार.

मग ठरवायचं कसं? एचबीएवनसी ६.५ ते ७ च्या आसपास असेल आणि त्रास काही नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, तीन महिने देता का, आणि पुढच्या टेस्टची तारीख तिथेच लिहून घ्या, तारीख नसेल तर तीनाचे नऊ महिने होतात. १० च्या पुढे असेल, वजन आपोआप घटतंय, सारखी तहान-लघवी, तर प्रयोग नको, अशावेळी कधीकधी सुरुवातच इन्सुलिनने करतात आणि पुढे बंद पण होऊ शकतं. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, असं काही झालं तर त्याच घडीला दवाखाना.

डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन आणि पाय वर्षातून एकदा तपासून घ्यायचेच, शुगर छान असली तरी, कारण तिथलं बिघडलेलं सुरुवातीला आपल्याला कळत नाही. पायांकडे बघायचं राहूनच जातं, म्हणून मी आता डॉक्टरांसमोर खुर्चीत बसल्याबसल्या आधी बूट-मोजे काढतो, मग वही उघडतो.