तूतीनाम्याचं 'अडीचशे वर्षं जुनं' पान

जयपूरला जाऊन जुनी लघुचित्रं घ्यायचा विचार असेल तर हे आधी वाचा. तिथल्या जुन्या शहरातल्या एका दुकानदाराने 18,000 रुपये घेऊन माझ्या गळ्यात तूतीनाम्याचं, म्हणजे पोपटाने सांगितलेल्या गोष्टींच्या जुन्या फारसी पुस्तकाचं, पान मारलं. पिवळा पडलेला कागद, वर-खाली फारसी वाटणाऱ्या ओळी, मधे पिंजऱ्यातला पोपट आणि समोर बसलेली गोष्टीची नायिका खुजिस्ता. नवरा परगावी, ती प्रियकराकडे निघालेली, आणि पोपट रोज रात्री नवी गोष्ट काढून तिला घरातच अडकवतो. आपली शुकबहात्तरी वाचलेल्यांना हे घरचंच वाटणार. दोन्हींचं मूळ संस्कृत शुकसप्ततीत. माझंही तेच झालं. गोष्ट ओळखीची निघाली आणि मी पाघळले.

"पोथी टूट गई थी मॅडम, चार ही पन्ने बचे हैं," तो म्हणाला. ढाई सौ साल पुराना, नवाबाच्या घरातलं, वगैरे.

पुण्यात आल्यावर सोसायटीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना पान दाखवलं. दोन ओळी वाचून ते हसायलाच लागले. "ताई, ही फारसी नाही, उर्दू आहे. आणि यात पोपटबिपट काही नाही. नमाजाआधी वुजू कसं करायचं, हात कोपरापर्यंत कसे धुवायचे, ते दिलंय." वर अक्षरं हाताची नव्हेतच, शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली. शिळाछाप भारतात आला तोच 1820 च्या दशकात. म्हणजे नवाबाची अडीचशे वर्षं तिथेच संपली.

मग भिंग घेऊन बसले. कागदाला वाळवीची भोकं होती, आणि मला खात्री पटली होती ती त्यांच्यामुळेच. पण खुजिस्ताच्या ओढणीतल्या भोकाच्या कडेवर निळा रंग आत उतरला होता, पाठीमागे त्याचा ठिपका दिसत होता. किडीने चित्र खाल्लं असतं तर रंग भोकापाशी तुटला असता. इथे भोक आधीचं, रंग नंतरचा. काही ठिकाणी तर छापील अक्षरांवरूनच रंग फिरवलाय. कागद जुना, चित्र नवं. सगळी मेख एवढीच. यासाठी एक धड पुस्तक फाडलं, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे. चित्रकाराचा हात मात्र चांगला आहे. त्याने ते आपलं म्हणून दोन हजाराला विकलं असतं तरी मी आनंदाने घेतलं असतं.

अकबराच्या चित्रशाळेतल्या तूतीनाम्याचा मोठा भाग अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे. त्याची चित्रं नेटवर फुकट बघता येतात. खुजिस्ता आणि पोपट तिथे पुन्हा पुन्हा भेटतात. दुकानात शिरण्याआधी तेवढं बघून जा.

आणि दुकानदाराला कायद्याचं विचारा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या चित्राचा धंदा करायला परवाना लागतो, लघुचित्राची नोंदणी लागते, आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. माझ्या दुकानदाराने तर "बेटे को अमेरिका भेज दो, कुछ नहीं होता" असंही सांगितलं होतं. चित्र खरं असतं तर मुलगा विमानतळावरच अडकला असता.

बिलावर काय लिहिलंय तेही दुकानातच वाचा. माझ्या बिलावर 'हँडमेड पेंटिंग, 1 नग' एवढंच आहे. वय नाही, तूतीनामा नाही. ग्राहक हेल्पलाइनला (1915) तक्रार केली आहे, पण या बिलावर ती कितपत टिकेल शंका आहे. दुकानदाराला फोन केला तर तो अजिबात चिडला नाही. पैसे परत मिळणार नाहीत, पण बदलून दुसरं पान देतो म्हणाला. याहून जुनं.